डाव्या डोळ्याची खिडकी

साडेसातला पाणी तळाला जातं, कुस्तोदिया म्हणाली होती.
आज द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड.
दीडला भरती, म्हणजे सहा तास आधी ओहोटी.
गळ्यात क्रूस असलेल्या बाईच्या तोंडून
तिथीचं गणित ऐकत
मी चपला हातात घेतल्या
आणि चिखलीच्या चिखलात पहिला पाय टाकला.

नावातच सांगितलंय, ती म्हणाली. फसवणूक नाही.

समोर बंदर. क्रेनच्या माना
उजव्या डोळ्याला रेखीव,
डाव्याला ताकात बुडवल्यासारख्या.
मंगळवारी मिरजेला ऑपरेशन आहे.
मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणाले,
अढीतल्या आंब्याबद्दल बोलावं तसं.
त्याआधी एकदा समुद्र बघून घेऊ म्हटलं,
आहे त्या डोळ्यांनी.

ती वाकून चालते. अंगठ्यानं चिखल चाचपते.
इथे तिसरी. इथे खुबा. इथे नुसता दगड,
गेल्या वर्षीही इथेच होता.
दाबोळीला उतरणारं विमान
डोक्यावरून एवढं खाली गेलं
की मी खांदे आखडून घेतले.
बगळ्यानं मानसुद्धा वळवली नाही.

मग तिनं एक शिंपला उचलला,
बशीएवढा, पापडासारखा चपटा,
बघितला, आणि पुन्हा होता तसा निजवला.
हा नाही घ्यायचा?
उरलेत किती, ती म्हणाली, आणि टोपली
दुसऱ्या कमरेवर घेतली.
आमच्या जनेलांक हेच. चल, दाखवते.

वाड्यावरच्या कपेलाची किल्ली
तिच्या कमरेच्या पिशवीत, तिसऱ्यांच्या सुरीशेजारी.
आत मेणाचा आणि वटवाघळांचा वास.
आणि खिडकी:
लाकडाच्या बारीक चौकटी,
प्रत्येक चौकटीत घासून पातळ केलेला शिंपला.
पलीकडे समुद्र होता. आवाज येत होता.
दिसत नव्हता.
आत येत होता फक्त उजेड,
सायीसारखा, घाई नसलेला,
जमिनीवर पडूनही न सांडणारा.

मी उजवा डोळा झाकला.
काहीच बदललं नाही.

तिसऱ्या ओळीत एक चौकट काळपट.
नीट पाहिलं तर बरगड्या.
शिंपला फुटला तेव्हा दुसरा मिळेना,
मग मामांच्या छातीचा एक्स-रे कापून बसवला, ती म्हणाली.
सकाळी दहाच्या उन्हात
मामांच्या बरगड्या आल्तारपर्यंत पोचतात.
पाद्रीला सांगितलेलं नाही.

आणि सगळ्यात खाली एक चौकट रिकामी.
तिच्यातून मात्र सगळं लख्ख:
सां जासिंतचं बेट, एक होडी,
होडीतला माणूस विडी पेटवताना,
वाऱ्याला पाठ करून.
एवढं स्पष्ट, की मला आधी
त्याचा रागच आला.

घरी तिनं तिसऱ्या परतल्या,
खोबरं, हळद, दोन सोलां.
पोदेराच्या सायकलवरची पोई अजून ऊन होती.
ज्या उघडल्या नाहीत त्या तिनं वेगळ्या काढल्या.
ह्या मेलेल्या, ती म्हणाली.
जिवंत असेल ते ऊब लागली की उघडतं.
मी मान डोलावली आणि रस्सा
पोईनं पुसून घेतला,
ताटलीची फुलं दिसेपर्यंत.

तुझ्या डोळ्यांतलें भायर काडटात,
तें परत दितात काय, तिनं विचारलं.
माहीत नाही.
विचार डॉक्टराक. आमकां एक उणें आसा.
आणि एवढी हसली
की मांजर उठून अंगणात गेलं.

मी मुठीएवढ्या चिंध्यांनी पाय पुसत
उंबऱ्यात बसलो.
चिखल नखांत राहिलाच.
खाली खाडीत आमची पावलं
एकेक करून भरत होती, आधी तिची,
मग माझी खोल, बावळट.

भरती दीडला आली नाही.
एक पस्तीसला आली.
कुस्तोदियानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं
आणि खुर्ची ओढून
त्याचा काटा पाच मिनिटं मागे केला.